मालवाहू आणि बचाव विमानांत हवेतल्या हवेत इंधन भरण्याची सोय आपल्याकडे कितपत आहे?

शिरोळकर

नमस्कार मंडळी.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आम्ही सात जण कुरुंदवाडजवळच्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर चार दिवस अडकलो होतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेल्याने इंधनाचे टँकर अडकले, कोल्हापुरातले पंप कोरडे पडू लागले आणि जे पेट्रोल-डिझेल शिल्लक होते ते अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले. अशा वेळी आमच्या डोक्यावर हेलिकॉप्टर येई, अन्नाची पाकिटे टाकी, एक-दोन घिरट्या घेई आणि पश्चिमेकडे निघून जाई.

माझे वडील तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. ते भिंतीला टेकून मनगटावरच्या घड्याळात दोन फेऱ्यांमधला वेळ मोजत बसत. एकदा ते म्हणाले, "याचा निम्मा वेळ तेल भरायला जाण्यात जातोय. वरच्या वर तेल देणारं विमान आपल्याकडं नसेल काय?" तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे मी एक छायाचित्र पाहिले. त्यात चार पंख्यांचे एक मालवाहू विमान चालले होते, त्याच्या पंखाखालून लांब नळी सुटली होती आणि मागून येणाऱ्या हेलिकॉप्टराने नाकावरची दांडी त्या नळीच्या टोकात घातलेली होती.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. महापुरासारख्या प्रसंगी ही सोय खरोखर उपयोगी पडेल का? आपल्या हवाई दलाच्या हर्क्युलस आणि ग्लोबमास्टर या विमानांत हवेत इंधन घेण्याची व्यवस्था आहे का, आणि असल्यास ते इंधन देणार कोण? आणि समुद्रात किंवा परदेशात अडकलेल्या माणसांना सोडवताना हिच्यावाचून काही अडते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. वडिलांना मी हे वाचून दाखवणार आहे.

माजी वायुसैनिक

शिरोळकर, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी हवाई दलात मालवाहू विमानांच्या देखभालीत वीस वर्षे काढली आणि आता राजारामपुरीत राहतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अनेकांना उलटे वाटते.

महापुरात हेलिकॉप्टराला हवेत इंधन देऊन फारसे काही साधत नाही. उजळाईवाडीचा विमानतळ ते कुरुंदवाड हे सरळ अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि ताशी दोनशे किलोमीटरने जाणाऱ्या हेलिकॉप्टराला ते नऊ-दहा मिनिटांचे आहे. शिवाय ते फक्त इंधनासाठी परत जात नाही. छतावरून उचललेली माणसे उतरवायची असतात, नवी पाकिटे व औषधे चढवायची असतात, चालकांना पुढची जागा समजावून घ्यायची असते, आणि जमिनीवर पंखा चालू ठेवूनच इंधन भरून घेतले तर तेवढ्याच वेळात तेही काम उरकते. हवेत टाकी भरली तरी पाकिटे हवेत भरता येत नाहीत, म्हणजे खेप काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची आहे आणि तीच या सगळ्या विषयाचे मूळ आहे. हेलिकॉप्टर असो वा ग्लोबमास्टर, त्याने एकूण किती वजन उचलावे याची मर्यादा ठरलेली असते आणि इंधन व माणसे यांची त्या मर्यादेत वाटणी होते. जवळच्या कामाला जाणारा शहाणा चालक टाक्या काठोकाठ भरत नाही. शंभर किलो इंधन कमी घेतले तर साधारण दीड माणूस जास्त उचलता येतो, असा हिशेब तो मनात करत असतो. म्हणून आपल्या वडिलांनी मोजलेल्या वेळेत थोडा भाग असा असणार की, जास्त माणसे उचलता यावीत म्हणूनच ते हेलिकॉप्टर थोड्या इंधनावर निघालेले होते आणि लवकर परतत होते.

मालवाहू विमानाबाबत हाच हिशेब मोठ्या आकड्यांत दिसतो. सी-१७ ग्लोबमास्टरचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे २६५ टन आहे. रिकामे विमान सुमारे १२८ टनांचे आहे आणि त्यात जास्तीत जास्त साडेसत्याहत्तर टन माल चढतो. बेरीज-वजाबाकी केली तर पूर्ण माल भरल्यावर इंधनासाठी साठ टनांहून कमी वजन उरते. त्याच्या टाक्यांत मात्र १,३४,००० लिटरहून अधिक, म्हणजे शंभर टनांपेक्षा जास्त इंधन मावते. पूर्ण भाराने निघालेले ग्लोबमास्टर अर्ध्याहून थोड्या जास्त भरलेल्या टाक्यांवर जाते आणि सुमारे ४,४०० किलोमीटरांवर त्याला कोठेतरी उतरावे लागते. हवेत गेल्यावर टँकर विमानाने टाक्या भरून दिल्या तर तोच माल महासागर ओलांडून नेता येतो. हवेत इंधन भरण्याचा मालवाहू विमानाला खरा फायदा हा आहे की, माल आणि पल्ला यांतले एक सोडण्याची वेळ येत नाही.

लडाखसारख्या उंच धावपट्टीवर हा प्रश्न अधिक बोचतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी आपले सी-१३०जे हर्क्युलस दौलत बेग ओल्डी येथे, १६,६१४ फुटांवर उतरले. तिथे हवा विरळ, इंजिनाला जोर कमी आणि पंखांना आधारही कमी, त्यामुळे परतीचे उड्डाण जितक्या थोड्या वजनाने करता येईल तितके बरे असते.

गंगावेशीतील विद्यार्थी

काका, आपण छान समजावून सांगितले. माझ्या वाचनात आले आहे की सी-१३०जे आणि सी-१७ या दोन्ही विमानांच्या डोक्यावर, चालककक्षाच्या वर, इंधन घेण्याचे तोंड बसवलेले आहे. आपल्याकडे आयएल-७८ जातीची सहा टँकर विमाने आहेतच. म्हणजे शिरोळकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, असे म्हणता येईल ना?

उद्यमनगर

विद्यार्थिमित्रा, तू दिलेल्या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत, पण त्या दोहोंवरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. मी लेथवर कपलिंग आणि वाल्व्हचे भाग करणारा माणूस आहे, म्हणून या विषयातली जोडणी मला सर्वांत आधी दिसते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही दारात उभे असले तरी हूक आणि पिन एकमेकांशी जुळत नसतील तर ऊस कारखान्यावर जात नाही. इथे नेमके तसेच आहे.

हवेत इंधन देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत टँकरमधून लवचीक नळी सोडतात आणि तिच्या टोकाला टोपलीसारखे, वाऱ्यात फुलणारे तोंड असते. त्याला ड्रोग म्हणतात. इंधन घेणाऱ्या विमानाच्या नाकाजवळ पुढे आलेली ताठ दांडी, म्हणजे प्रोब, असते आणि चालक आपले विमान पुढे नेत ती दांडी टोपलीत बसवतो. येथे टँकर सरळ उडत राहतो आणि नेमकेपणाचा सारा भार घेणाऱ्याच्या चालकावर असतो. दुसऱ्या पद्धतीत टँकरच्या शेपटाखाली बूम नावाची ताठ, दुर्बिणीसारखी लांब-आखूड होणारी नळी असते आणि तिला स्वतःचे छोटे पंख असतात. घेणारे विमान ठरलेल्या जागी स्थिर राहते, टँकरमधला बूमचालक त्या पंखांच्या साहाय्याने नळी हलवून तिचे टोक घेणाऱ्याच्या डोक्यावरच्या तोंडात बसवतो, आणि आतल्या पकडी मिटून जोड घट्ट होतो.

सी-१७ आणि आपले सी-१३०जे यांच्या डोक्यावरचे तोंड हे बूमसाठी केलेले आहे. आयएल-७८ मधून मात्र नळी आणि टोपली सुटते. एकाकडे भोक आहे आणि दुसऱ्याकडे टोपली आहे, दोन्हीकडे मादी भाग, असे आमच्या धंद्यात म्हणतात. मध्ये जोडायला नर भाग कोणाकडेच नाही. त्यामुळे आपले ग्लोबमास्टर आपल्या आयएल-७८ कडून एक थेंबही घेऊ शकत नाही. आयएल-७८ ची नळी उपयोगी पडते ती नाकाशी दांडी असलेल्या सुखोई-३०, मिराज, राफेल, तेजस अशा लढाऊ विमानांना.

मोठ्या विमानांसाठी बूम का निवडली गेली, याचेही यांत्रिक कारण आहे. अमेरिकेच्या केसी-४६ टँकरचा बूम मिनिटाला १,२०० गॅलन, म्हणजे साडेचार हजार लिटर इंधन देतो, तर त्याच विमानाची नळी ४०० गॅलन देते. ग्लोबमास्टरच्या टाक्या अर्ध्या भरायच्या तर बूमने सुमारे पंधरा मिनिटे आणि नळीने पाऊण तास लागेल, आणि पाऊण तास दोन प्रचंड विमाने एकमेकांपासून काही मीटरांवर ठेवणे हे चालकांच्या खांद्यांना व डोळ्यांना किती जड जाईल याचा विचार करावा. आणखी एक अडचण अशी की, मोठ्या विमानाचे रुंद नाक पुढच्या हवेला ढकलत येते आणि ती ढकललेली हवा हलक्या टोपलीला ऐन वेळी बाजूला सारते. तरीही चालक टोपली गाठतात, हे त्यांचे कसब आहे. जवळ येण्याचा वेग मात्र माणसाच्या चालण्याइतकाच ठेवावा लागतो. जोरात धडकले तर नळीत लाट उठते, ती चाबकासारखी उलटते आणि दांडीचे टोक मोडते.

या कलेचा पहिला यशस्वी प्रयोग २७ जून १९२३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. तेव्हा वरच्या दुपंखी विमानातून सोडलेली रबरी नळी खालच्या विमानातील माणसाने हाताने पकडून टाकीत घातली होती. शंभर वर्षांत नळी, झडपा, दाब सगळे बदलले. दोन टोके जुळलीच पाहिजेत, ही अट तेवढी आजही तशीच आहे.

माजी वायुसैनिक

उद्यमनगर यांनी जे लिहिले आहे ते अचूक आहे आणि मी त्यात थोडी भर घालतो.

आपली आयएल-७८ विमाने २००३-०४ मध्ये आली आणि त्यांचे ठाणे आग्र्याला आहे. सहाच विमाने, त्यांतही दुरुस्तीसाठी काही जमिनीवर, आणि मागणी लढाऊ तुकड्यांची. महालेखापरीक्षकांनीही २०१७ मधील अहवालात या विमानांच्या उपलब्धतेबद्दल स्पष्ट ताशेरे ओढले होते. नव्या टँकरांची खरेदी एकदा २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये, निवड झाल्यावरही, रद्द झाली. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण टँकर हे एकटे विमान नसते. त्याच्या मागे सगळ्या ताफ्याचा पल्ला उभा असतो.

अलीकडे दोन घडामोडी झाल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात हवेत इंधन देण्याविषयीची व्यवस्था ठरली. ऑस्ट्रेलियाच्या केसी-३०ए टँकरमध्ये बूम आणि नळी दोन्ही आहेत. त्यानंतर २८ मार्च २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने एक केसी-१३५ टँकर चालकांसह भाड्याने घेण्याचा करार केला, आणि त्याचा उद्देश हवाई दल व नौदल यांच्या वैमानिकांचे प्रशिक्षण हा सांगितला. केसी-१३५ हे मूळचे बूमचे विमान आहे आणि बूमच्या टोकाला टोपली जोडून ते दांडीवाल्या विमानांनाही इंधन देते. आपल्या मालवाहू ताफ्याच्या डोक्यावरचे तोंड कामाला लावायचे असेल तर पुढची कायमची खरेदी दोन्ही पद्धती असलेल्या टँकरचीच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

तोंड बसवलेले आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, हे अमेरिकेने १९७३ मध्ये अनुभवले. त्या ऑक्टोबरात इस्रायलला रसद पोहोचवताना युरोपातील बहुतेक देशांनी अमेरिकन विमानांना उतरू दिले नाही आणि सगळी वाहतूक पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरील लाजेस या एका तळावर येऊन ठेपली. त्यांच्या सी-१४१ विमानांत हवेत इंधन घेण्याची सोयच नव्हती. सी-५ मध्ये ती होती, तरीही त्या विमानांना लाजेसलाच उतरावे लागले, कारण चालकांचा तसा सराव झालेला नव्हता. लाजेसनेही नकार दिला असता तर ती मोहीम मोठ्या संकटात आली असती. हा धडा घेऊन १९७७ ते १९८२ या काळात त्यांनी २७० सी-१४१ विमाने सात मीटरनी लांब केली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर इंधनाचे तोंड बसवले.

इंग्रजांचा १९८२ मधला अनुभव मला आणखी बोलका वाटतो. फॉकलंड बेटांच्या युद्धात असेन्शन बेटापासून स्टॅनलीपर्यंत सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर होते आणि मध्ये उतरायला जमीन नव्हती. त्यांनी हर्क्युलस विमानांना घाईने दांड्या बसवल्या. पण टँकर होते व्हिक्टर, मुळातले जेट बॉम्बर. हर्क्युलसचा कमाल वेग आणि व्हिक्टरला सुरक्षितपणे उडता येईल असा किमान वेग यांचा मेळच बसेना. मग दोघांनी उतारावरून घसरत जावे तसे खाली झुकत उडायचे आणि उतरताना मिळणाऱ्या जादा वेगात हर्क्युलसने टोपली गाठायची, अशी युक्ती काढली गेली. इंधन भरून होईपर्यंत दोन्ही विमाने हजारो फूट खाली आलेली असत, आणि खाली फक्त दक्षिण अटलांटिक समुद्र. अशा काही फेऱ्या चोवीस तासांहून अधिक काळ चालल्या. त्या चालकांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पुढे इंग्रजांनी काही हर्क्युलसनाच टँकर केले, म्हणजे हर्क्युलसला हर्क्युलसच्याच वेगाचा साथीदार मिळाला.

रत्नागिरीची पाहुणी

मी माहेरची कोल्हापूरची, आता रत्नागिरीत असते आणि बंदराशी संबंधित कामात आहे. शिरोळकर यांच्या तिसऱ्या प्रश्नातला समुद्राचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वेगाचा हाच प्रश्न हेलिकॉप्टराबाबत सर्वांत कठीण होतो. हेलिकॉप्टर वेगाने जाऊ शकत नाही आणि टँकर फार हळू गेला तर पंखांचा आधार सुटून तो कोसळू शकतो. या दोघांच्या वेगांची एक अरुंद पट्टी तेवढी समान असते, ती म्हणजे ताशी २०० ते २२० किलोमीटरच्या आसपास. हर्क्युलस पंखांचे फ्लॅप खाली सोडून तेवढ्या मंद गतीने उडू शकते. आयएल-७८ किंवा दुसरे कोणतेही जेट टँकर तसे उडू शकत नाही. म्हणून हेलिकॉप्टरांना इंधन देणारी विमाने जगभर बहुतेक हर्क्युलसच्याच जातीची आहेत. मंद गतीसाठी त्यांच्या नळीला मोठी टोपली लावतात, म्हणजे थोड्या वाऱ्यातही ती फुललेली राहते. हेलिकॉप्टराची दांडी त्याच्या फिरत्या पात्यांच्या घेराबाहेर पुढे जावी लागते. नळी उसळली आणि पाती तिला लागली तर दोघांवरही जिवावरचा प्रसंग ओढवतो.

फ्रान्सने २०१६ मध्ये चार हर्क्युलस मागवली, त्यांतली दोन टँकर प्रकारची होती. त्यांच्या नव्या ए४००एम या मोठ्या मालवाहू विमानामागे हवेचे भोवरे इतके होते की, हेलिकॉप्टराला सुरक्षितपणे नळी गाठता येत नव्हती आणि ते सुधारायला काही वर्षे लागली. जपानच्या हवाई स्वसंरक्षण दलाने तर ही सोय शांततेच्या काळातील बचावासाठी उभी केली आहे. त्यांच्या बचाव पथकातील यूएच-६०जे हेलिकॉप्टरांना दांड्या आहेत आणि केसी-१३०एच विमाने त्यांना समुद्रावर इंधन देतात. बेटांच्या देशाला ते साजेसे आहे.

या सोयीने पल्ला किती वाढतो, हे १९६७ मध्ये दिसले. त्या वर्षी ३१ मे आणि १ जून रोजी अमेरिकन हवाई दलाची दोन एचएच-३ई हेलिकॉप्टरे न्यूयॉर्कहून पॅरिसला कोठेही न उतरता गेली. प्रवासाला तीस तासांहून अधिक वेळ लागला आणि नऊ वेळा हवेत इंधन भरावे लागले.

परंतु तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर १९९१ रोजी अटलांटिकमध्ये आलेल्या भीषण वादळात न्यूयॉर्कच्या एअर नॅशनल गार्डचे एचएच-६० हेलिकॉप्टर बचावाच्या फेरीवरून परतत होते. सोबत टँकर होता, नळी सोडलेली होती, चालक कसलेले होते, पण टोपली वाऱ्यात इतकी उसळत होती की, वारंवार प्रयत्न करूनही दांडी बसली नाही. इंधन संपत आल्यावर चालकाने हेलिकॉप्टर समुद्रात उतरवले. पाच जणांपैकी चौघांना तटरक्षक दलाच्या जहाजाने रात्रीच्या काळोखात वाचवले आणि एक बचावसैनिक कायमचा हरवला. ज्या हवामानात बचावाची गरज सर्वाधिक असते त्याच हवामानात नळी आणि टोपली हट्ट धरतात. बंदरावर वादळाच्या रात्री काढलेल्या कोणालाही हे वाचून गलबलून येईल.

समुद्रावर आणखी एक साधी पद्धत आहे. हेलिकॉप्टर जहाजाच्या डेकवर न उतरता वरच तरंगत राहते, आपल्या दोराने जहाजावरची नळी वर ओढून घेते आणि तशाच अवस्थेत टाकी भरते. जहाजाचा डेक लहान असेल किंवा फार हलत असेल तेव्हा हीच उपयोगी पडते. टँकर विमान नसलेल्या देशाला ही मोठी आधाराची आहे.

शिरोळकर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. काल रात्री वडिलांना सगळे वाचून दाखवले. वजन आणि इंधन यांची वाटणी त्यांना लगेच पटली, कारण तोफा डोंगरावर चढवताना दारूगोळा आणि पाणी यांचा असाच हिशेब त्यांनी केलेला आहे. १९९१ चा प्रसंग वाचताना ते बराच वेळ गप्प राहिले.

त्यांची एक शंका उरली आहे. आपल्या मालवाहू विमानांना हवेत इंधन देणारे कोणी नसताना आपण दूरवरची माणसे सोडवून आणतो ती कशी? आणि दुसरी शंका माझी. २०१९ सारखा महामार्ग पुन्हा तुटला आणि हेलिकॉप्टरांसाठीचे इंधनच उजळाईवाडीत संपले तर काय करायचे?

माजी वायुसैनिक

आपल्या वडिलांच्या शंकेचे उत्तर असे की, आपण वाटेत मित्राचे अंगण शोधतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून माणसे घेऊन निघालेले आपले हर्क्युलस आधी ताजिकिस्तानात दुशान्बेला उतरले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या मोहिमेत जेद्दाहला तळ मिळाला होता, म्हणूनच खार्तूमपासून चाळीस किलोमीटरांवरच्या वादी सय्यिदना या लहान धावपट्टीवर, रात्री, दिव्यांची सोय नसताना हर्क्युलस उतरवून १२१ माणसांना बाहेर काढता आले. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातील 'रुएन' जहाजासाठी आपल्या ग्लोबमास्टरने किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरांवर नौदलाचे मार्कोस कमांडो आणि दोन बोटी हवाई छत्रीने उतरवल्या. जहाजावरचे १७ खलाशी सुटले आणि ३५ चाचे शरण आले. ते उड्डाण जवळजवळ दहा तासांचे होते. भार तुलनेने हलका असल्याने जाऊन-येऊन ५,२०० किलोमीटरांचा पल्ला विमानाच्या स्वतःच्या टाकीत बसला. भार चाळीस टनांचा असता, किंवा जहाज आणखी हजार किलोमीटर पुढे असते, किंवा वर घिरट्या घालत तास-दोन तास थांबावे लागले असते, तर हिशेब फार लवकर बिघडला असता. मित्राच्या अंगणाचे दार प्रत्येक वेळी उघडे असेलच असे नाही, आणि १९७३ ची गोष्ट मी त्याचसाठी सांगितली.

आपल्या शंकेचे उत्तर अधिक आश्वासक आहे. मालवाहू विमान हवेत इंधन देऊ शकत नसले तरी जमिनीवर उतरून देऊ शकते. अमेरिकी मरीन दलाची केसी-१३०जे विमाने पुढच्या धावपट्टीवर उतरतात, स्वतःच्या पंखांतल्या टाक्यांतून नळ्या काढतात आणि आजूबाजूला उभ्या केलेल्या हेलिकॉप्टरांना इंधन देऊन तासाभरात निघून जातात. साधी मालवाहू विमाने पोटात रबरी पिशव्यांसारख्या टाक्या आणि एक पंप घेऊनही हे काम करतात. याला धोका नाही असे नाही. एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात अमेरिकेची अशीच मोहीम चालू असताना जागा बदलणारे हेलिकॉप्टर इंधन घेऊन आलेल्या हर्क्युलसवर धुळीत आदळले आणि आठ जण मृत्युमुखी पडले. पण ती काळोखातली, अनोळखी वाळूतली, शत्रुप्रदेशातली मोहीम होती. उजळाईवाडीत डांबरी धावपट्टी आहे, दिवसाचा उजेड असेल, उभे राहायला स्वतंत्र जागा असेल.

माझ्या मते पुराच्या तयारीत पावसाळ्यापूर्वीच विमानतळावर हेलिकॉप्टरांच्या इंधनाचा जादा साठा, तो देणारी एक-दोन बाउझर वाहने आणि ती चालवणाऱ्या माणसांची राहण्याची सोय महामार्गाच्या अलीकडेच करून ठेवणे, हे सर्वांत आधी यावे. शिरोलीचा पूल बंद झाल्यावर बाउझरचा चालक पलीकडे अडकला तर भरलेली टाकीही कोरडीच म्हणायची.

उद्यमनगर

बाउझरच्या नळीचे तोंड वेगवेगळ्या जातीच्या हेलिकॉप्टरांना बसेल असे दोन-तीन प्रकारचे नोझल सोबत ठेवायला सांगा. हवाई दलाचे, नौदलाचे आणि तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर एकाच वेळी येते. कोणाला दाबाखाली बंद जोडाने इंधन लागते, तर कोणाला वरून झाकण उघडून भरावे लागते. जोड न जुळल्याने एखादी खेप चुकू नये. असे अॅडॉप्टर आमच्याकडच्या कारखान्यांत उत्तम होतात, प्रमाणित आराखडा आणि तपासणी अधिकारी मात्र हवाई क्षेत्रातलेच हवेत.

शिरोळकर

वडिलांनी हे शेवटचे दोन्ही प्रतिसाद मला वहीत उतरवून घ्यायला लावले आहेत. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची बैठक मे महिन्यात होते आणि गावातले माजी सैनिक तिला जातात. इंधनाचा साठा, बाउझरच्या चालकाची राहण्याची जागा आणि नोझलचे प्रकार हे तीन मुद्दे ते या वेळी लेखी देणार आहेत.